साइटचे फोटो किती वर्षं ठेवायचे आणि ती वर्षं कुठून मोजायची

माझ्या पहिल्याच नोकरीत एका बंगल्याच्या पायाच्या खड्ड्यात चार फुटांवर मुरूम संपला आणि कठीण खडक लागला. ब्रेकर लावून सहा दिवस फोडला. बिलात कठीण खडकाचा दर लावला तेव्हा मालकांनी साधा प्रश्न विचारला, "खडक होता कशावरून?" तोवर खड्डा भरला होता, वर प्लिंथही (जोतं) झाली होती. फोटो मी काढले होते, भरपूर काढले होते. पण मधे मोबाइल भरला म्हणून स्लॅबचे फोटो ठेवले आणि खड्ड्याचे पुसून टाकले. दगडमातीचे फोटो पुढं कोण बघणार, असं वाटलं होतं. शेवटी निम्म्या दरावर मिटलं. उरलेल्या निम्म्याची आठवण आमचे तेव्हाचे ठेकेदार आजही भेटले की करून देतात.

स्लॅब अजून तिथंच आहे, हवा तेव्हा जाऊन बघता येतो. खडक मात्र पुन्हा कुणालाच दिसणार नाही. कोणते फोटो किती दिवस ठेवायचे, याचा निम्मा निर्णय एवढ्यावर होतो. उरलेला निम्मा तारखांचा आणि कायद्याचा. नवीन साइट इंजिनिअर, छोटे ठेकेदार आणि स्वतःचं घर बांधून घेणारे, तिघांनाही चालेल अशी पद्धत खाली देतो.

पायरी १ : संध्याकाळी दहा मिनिटं बसा

फोटो निवडायचे ते त्याच दिवशी. महिन्याभरानं बसलात तर ही दुसऱ्या मजल्याची बीम की तिसऱ्या, हे तुम्हालाही सांगता येत नाही. आधी हललेले, एकाच गोष्टीचे सात-सात काढलेले, बोट आलेले फोटो पुसा. उरलेल्यांचे तीन ढीग करा.

पहिला ढीग झाकलं जाणाऱ्या कामाचा. पायाचा थर (काळी माती कुठं संपली, मुरूम कुठं लागला, खडक कुठं), फुटिंगची (कॉलमखालच्या पायाची) जाळी, कॉलमच्या उभ्या सळयांना बांधलेल्या रिंगा आणि त्यांतलं अंतर, सळई काँक्रीटच्या आत ठेवणारे कव्हर ब्लॉक, बीम-कॉलमच्या सांध्यातली गर्दी, वाळवीप्रतिबंधक फवारणी, भिंतीत गाडलेले पाण्याचे पाइप, स्लॅबमधले वायरिंगचे पाइप, संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबचं वॉटरप्रूफिंग, गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा. हे सगळं एकदा काँक्रीट किंवा प्लास्टरखाली गेलं की फोडल्याशिवाय दिसत नाही.

दुसरा ढीग हिशेबाचा. आलेला माल, चलनं, मोजमापं, काँक्रीटच्या चाचणीसाठी भरलेल्या क्यूबवर लिहिलेली तारीख, मालकानं मधेच बदलायला लावलेली भिंत, पावसानं बंद पडलेलं काम. बिल, जादा काम आणि मुदतवाढ यांच्या भांडणात हेच लागतात.

तिसरा ढीग प्रगतीचा. समोरून दर शनिवारी काढलेला इमारतीचा फोटो, साहेबांची भेट, स्लॅब भरल्यावरचे पेढे. हे दिसायला सर्वांत छान आणि कामाला सर्वांत कमी. तरी दर आठवड्याला एकाच जागेवरून काढलेला एक फोटो जपाच, काम कुठल्या तारखेला कुठवर आलं होतं याचा तो साक्षीदार असतो.

पहिल्या ढिगातल्या फोटोत माप दिसलं पाहिजे. रिंगांवर टेप धरा, पूर्ण दिसेल असा. शेजारी छोट्या पाटीवर खडूनं जागा आणि तारीख लिहा : 'ए विंग, दुसरा मजला, कॉलम सी ७'. आधी एक फोटो लांबून, ज्यात खिडकी किंवा जिना ओळखू येईल, आणि मग जवळून. नुसता जवळून काढलेला सळईचा फोटो कुठल्याही साइटचा असू शकतो, आणि समोरचा वकील नेमकं तेच म्हणतो.

बाथरूमच्या पाणी साठवून केलेल्या चाचणीचे किमान तीन फोटो हवेत : भिंतीवर पेन्सिलीनं पातळीची खूण केलेला, दुसऱ्या दिवशी तीच खूण आणि पाणी दाखवणारा, आणि खालच्या मजल्यावरून छताचा. तिसरा सगळे विसरतात. खरी चाचणी तर खालून दिसते.

पायरी २ : तारखांचं एक पान करा

इथंच बहुतेकांची चूक होते. 'तीन वर्षं झाली, पुसून टाक' असं म्हणताना आपण फोटो काढल्यापासून मोजतो. कायदा तसं मोजत नाही. त्याचं घड्याळ काम पूर्ण झालं, ताबा दिला, पैसे नाकारले, दोष दिसला अशा घटनांपासून सुरू होतं. पायाचा फोटो २०२३ चा, ताबा २०२६ चा, तर पायाच्या फोटोचं पहिलं वर्ष २०२६ नंतर सुरू होतं.

म्हणून प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये सर्वांत वर एक पान ठेवा. त्यावर कार्यारंभाची तारीख, काम संपल्याची तारीख, भोगवटा प्रमाणपत्राची तारीख, ताबा, शेवटचं बिल दिल्याची आणि शेवटचे पैसे मिळाल्याची तारीख, कापून ठेवलेली अनामत परत आल्याची तारीख. इमारतीत अनेक फ्लॅट असतील तर प्रत्येकाच्या ताब्याची तारीख वेगळी लिहा. शेवटचा फ्लॅट विकायला दोन वर्षं लागली, तर त्या फ्लॅटचं घड्याळही दोन वर्षं मागे चालतं, आणि तुम्हाला सर्वांत मागच्या घड्याळाकडे बघायचं आहे.

पायरी ३ : आता वर्षं ठरवा

पैशांचा वाद आधी घेऊ. मुदत अधिनियम, १९६३ नुसार केलेल्या कामाचे पैसे मागायला किंवा करारभंगाचा दावा लावायला साधारण ३ वर्षं मिळतात. लवादाकडे गेलात तरी हाच हिशेब. पण समोरच्यानं मुदत संपायच्या आत लेखी कबूल केलं की 'तुमचे इतके देणे आहे', तर त्या दिवसापासून ३ वर्षं नव्यानं मोजली जातात. फसवणूक झाली असेल तर ती उघड होईपर्यंत घड्याळ सुरूच होत नाही. त्यामुळे 'बरोब्बर ३ वर्षं' हा आकडा फोटो पुसायला कधीच वापरू नका. ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षं असतात, ती या ३ वर्षांत आपोआप झाकली जातात.

फ्लॅटच्या बहुतेक इमारतींना बिल्डर आणि घर घेणारे यांच्यातल्या व्यवहाराचा रेरा कायदा, २०१६ लागतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा किंवा कारागिरीचा दोष दाखवला, तर प्रवर्तकानं (म्हणजे बिल्डरनं) तो ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करायचा असतो. नाहीतर भरपाई. समजा, दोष पाचव्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कळवला आणि दुरुस्तीवरून वाद झाला. प्रकरण पुढं चालणार, म्हणजे ५ वर्षांवर थांबून भागत नाही. शेवटच्या ताब्यापासून ८ वर्षं हा माझा स्वतःचा आकडा : ५ दोषाची, ३ भांडणाची. बिल्डर कंपनी असेल तर कंपनी कायद्यानं हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतातच, म्हणून ऑफिसातल्या लोकांनाही हा आकडा लक्षात ठेवायला सोपा जातो.

जीएसटीचं गणित वेगळं आहे. हिशेब आणि त्याची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवायची असतात. २०२५-२६ या वर्षाचं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२६ ला देय धरलं, तर ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत. अपील चालू असेल तर आणखी पुढं. फोटो म्हणजे हिशेबाचं पुस्तक नव्हे, हे खरं. पण बिलाला जोडलेला मालाच्या गाडीचा फोटो किंवा मोजमापाचा फोटो त्या बिलाबरोबरच राहिला पाहिजे. बिल सहा वर्षं फाइलमध्ये आणि त्याचा पुरावा दुसऱ्या वर्षी कचऱ्यात, यात काही अर्थ नाही.

सरकारी कामाकडे नव्या लोकांचं लक्ष नसतं. तुम्हाला शासनावर दावा लावायला ३ वर्षं मिळतात, पण केंद्र किंवा राज्य शासनाला तुमच्यावर दावा लावायला मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ११२ प्रमाणे ३० वर्षं. शिवाय लेखापरीक्षणाचे आक्षेप कधी उगवतील याला धरबंध नाही, आणि ते येतात तेव्हा मोजमाप पुस्तिकेवर सही करणारे अभियंते तीन बदल्या पुढं गेलेले असतात. रस्ता, पूल, शाळाखोली, काहीही असो, सरकारी कामाचा पहिला ढीग आणि मोजमापाचे फोटो मी पुसतच नाही. दोषदायित्वाचा कालावधी (काम संपल्यावर दिसलेले दोष ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायचा काळ) निविदेत लिहिलेला असतो, तो तारखांच्या पानावर उतरवून घ्या.

म्हणजे ढिगांचा हिशेब असा बसतो. झाकलेल्या कामाचे फोटो इमारत उभी आहे तोवर. हिशेबाचे फोटो (सरकारी कामाच्या मोजमापाचे सोडून) शेवटच्या ताब्यापासून किंवा शेवटच्या पैशांपासून, जे उशिरा असेल तिथून ८ वर्षं. प्रगतीचे फोटो काम संपल्यावर एकदा चाळून दर आठवड्याला एक ठेवा, बाकीचे अनामत परत आली की पुसा.

पहिला ढीग कायमचा का, असं विचाराल. पाडायचं किंवा दुरुस्त करायचं म्हटलं की संरचनात्मक तपासणी येते. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी तपासणी सांगितली आहे. मुंबईत ३० वर्षं वापरात असलेल्या इमारतींना अशी तपासणी सक्तीची करणारं महापालिका कायद्याचं कलम ३५३ ब आहेच. तिथं येणाऱ्या इंजिनिअरच्या हातात बहुधा नकाशासुद्धा नसतो. अशा वेळी कॉलममध्ये किती सळया होत्या हे दाखवणारा पंचवीस वर्षांपूर्वीचा एक फोटो म्हणजे घबाडच.

पायरी ४ : मूळ फाइल वाचवा

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरचा फोटो म्हणजे फोटोची सावली. पाठवताना तो आकारानं दाबला जातो आणि फोटोच्या पोटात साठलेली वेळ, मोबाइलचं मॉडेल, अक्षांश-रेखांश ही माहिती निघून जाते. ग्रुपवर टाकायला हरकत नाही, सगळी साइट त्यावरच चालते. पण जपायची फाइल मोबाइलमधली मूळच. ती पाठवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे जशीच्या तशी जाते.

फोटोवर तारीख आणि नकाशा छापणारी अ‍ॅप हल्ली सगळ्यांकडे असतात, घरकुलाच्या हप्त्यांपासून ग्रामपंचायतीच्या गटारापर्यंत सगळीकडे तसेच फोटो मागतात. वापरा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ती पट्टी म्हणजे फोटोवर लिहिलेला मजकूर असतो, आणि मोबाइलची तारीख चुकीची असेल तर पट्टीही चुकीचीच तारीख छापते. दुसरं, पट्टी नेमकी खालच्या सळईवर येते. झाकल्या जाणाऱ्या कामाचा एक फोटो पट्टीसह आणि एक साध्या कॅमेऱ्यानं, असे दोन काढून ठेवा.

मूळ फाइलवर कधीही काम करू नका. उजेड वाढवणं, कापणं, लाल बाण काढणं, सगळं तिची प्रत काढून. नाव मात्र बदला, आणि तारखेपासून सुरू करा : '२०२६-०१-१४ ए विंग दुसरा स्लॅब सळई ०३'. वर्ष, महिना, दिवस याच क्रमानं, म्हणजे फोल्डर आपोआप तारीखवार लागतं.

पायरी ५ : ठेवायचं कुठं

जागेचं कारण सांगून फोटो पुसणारे हिशेब करत नाहीत. दिवसाला २५ फोटो, ३०० दिवस, फोटोला ४ एमबी धरलं तर एका कामाचे ७,५०० फोटो आणि ३० जीबी. १ टीबीच्या डिस्कमध्ये अशी तीस कामं बसतात. निवड केली तर शंभरही. जागा कधीच अडचण नसते. अडचण एवढीच असते की डिस्क एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडे असते आणि तो नोकरी सोडतो.

तीन प्रती करा : एक ऑफिसच्या संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर जी दुसऱ्या इमारतीत किंवा मालकाच्या घरी राहील, एक क्लाउडवर. क्लाउडचं खातं फर्मच्या नावानं काढा, इंजिनिअरच्या खासगी खात्यात नको. गूगलची मोफत जागा १५ जीबी आहे आणि त्यात मेलही मोजले जातात, तेव्हा एक कामसुद्धा पुरतं मावणार नाही. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद आहे. 'जागा वाचवा' हा पर्याय निवडलात तर तिथंही फोटो दाबला जातो. आणि दोन वर्षं कुणी उघडलंच नाही असं खातं गूगल पुसू शकतं, म्हणून जुन्या कामांसाठी काढलेल्या वेगळ्या खात्यात अधूनमधून डोकावत जा.

पेन ड्राइव्ह ने-आण करायला. वीस वर्षांच्या साठवणीला नाही. हार्ड डिस्कही कपाटात ठेवून विसरायची वस्तू नव्हे. वर्षातून एकदा, मी दसऱ्याला करतो, सगळ्या डिस्क लावायच्या, प्रत्येक कामाचे चार-पाच फोटो उघडून बघायचे, आणि डिस्क पाच वर्षांची झाली की नवीवर उतरवायचं. शस्त्रपूजनाला टेप आणि लेव्हल मशीनबरोबर डिस्कही ठेवतो, त्या निमित्तानं आठवण राहते. कोकणात किंवा मुंबईत असाल तर डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसकट. पावसाळ्यात कपाटाच्या आतही भिंत घाम सोडते.

पायरी ६ : कोर्टात चालेल असं काहीतरी आत्ताच करा

जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि त्यांचा उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला होता का, यासाठी निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण पुरावा म्हणून आलं. कैलास गोरंट्याल यांच्या विरोधातल्या त्या प्रकरणात १४ जुलै २०२० ला न्यायालयानं स्पष्ट केलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र हवंच. बांधकामाशी या खटल्याचा काही संबंध नाही, पण आपले सगळे फोटो ही तसलीच नोंद आहेत.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा आणि एक तज्ज्ञानं. त्यात फाइलचं 'हॅश' मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फोटोतला एक ठिपका बदलला तरी सगळा ठसा बदलतो. संगणकावर तो मोफत काढता येतो. काम संपलं की पहिल्या ढिगातल्या सगळ्या फाइलींचे हॅश काढून त्या यादीची छापील प्रत सही-तारखेसह फाइलमध्ये लावा. प्रमाणपत्र लागेल तेव्हा वकील करतील. पण ही फाइल तेव्हापासून बदललेली नाही हे दाखवायला जुनी यादी लागते, आणि ती मागची तारीख घालून करता येत नाही.

ज्या मोबाइलनं महत्त्वाचे फोटो काढले, तो बदलताना मॉडेल आणि कोणाच्या हातात होता एवढं लिहून ठेवा. वाद सुरू असेल तर मोबाइलच विकू नका.

पायरी ७ : पुसायचं कसं

पुसायचं असतंच. कामगारांचे चेहरे, मालकाच्या घरातलं सामान, शेजाऱ्याची बाल्कनी असलेले फोटो उगाच आयुष्यभर बाळगायची गरज नाही. मुदत संपली की त्या कामाचा दुसरा आणि तिसरा ढीग तिन्ही ठिकाणांहून पुसा आणि वहीत एक ओळ लिहा : काय, कधी, कोणत्या कारणानं, कोणी. उद्या कुणी विचारलं तर 'हरवले' या उत्तरापेक्षा ती ओळ कितीतरी बरी.

एक अपवाद कायम लक्षात ठेवा. नोटीस आली, अपघात झाला, पोलिसांनी पंचनामा केला, किंवा नुसती लेखी तक्रारही आली, की त्या कामाचं पुसणं तिथंच थांबवा. मुदत संपली असली तरी. आपल्याला अडचणीचे वाटणारे फोटोसुद्धा राहू द्या. फोटो कमी असणं समजण्यासारखं असतं. नोटिशीनंतर कमी झालेले फोटो समजावून सांगता येत नाहीत.

पायरी ८ : घर राहणाऱ्याला त्याचे फोटो द्या

ही पायरी ठेकेदाराच्या फायद्याची दिसत नाही म्हणून कुणी करत नाही. ताबा देताना बाथरूम-स्वयंपाकघराच्या प्रत्येक भिंतीचा प्लास्टरआधीचा फोटो, स्लॅबमधल्या वायरिंगचे फोटो आणि टाक्यांचे, चेंबरचे फोटो मालकाला किंवा सोसायटीला द्या. पेन ड्राइव्ह द्याच, पण महत्त्वाचे आठ-दहा छापूनही द्या. घर बांधून घेत असाल तर मागून घ्या, करारातच एक ओळ घाला. फ्लॅटवाल्यांनी प्लास्टरच्या आधी एकदा साइटवर जायची परवानगी मागून स्वतःच काढावेत.

माझ्या बहिणीच्या घरी मी स्वयंपाकघराच्या भिंतीचे दोन फोटो कागदावर छापून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले होते. पाइप कुठून उभा जातो, जमिनीपासून किती उंचीवर आडवा वळतो, टेपसकट दिसतं. नऊ वर्षांनी पाण्याचा फिल्टर बसवायला माणूस आला. त्यानं ड्रिल लावायच्या आधी दार उघडलं, फोटो पाहिला आणि खूण सहा इंच डावीकडे सरकवली.